दोष कॉफीचा की रीतीचा?

भोर-वेल्ह्यात पाहुण्यापुढे येतो तो चहाच. तरी तिथल्या शिक्षकांनी आम्हाला विचारले, कॉफीने कोलेस्टेरॉल वाढते का? १९८३ साली नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे भरपूर कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त आढळले. इतर काही ठिकाणी मात्र तसे दिसेना. फरक रीतीत होता! नॉर्वेत कॉफी उकळून पीत. १९८९ साली डच संशोधकांनी प्रयोगाने दाखवले, की उकळलेल्या कॉफीने कोलेस्टेरॉल वाढते, कागदी गाळणीतून गाळलेल्या कॉफीने नाही. पुढे १९९४ साली उलगडले, की कारण कॅफीन नसून कॅफेस्टॉल हा तेलात विरघळणारा पदार्थ आहे. तो कागदात अडकतो. झटपट कॉफीत तो नगण्य, चहात मुळीच नाही. आपण मात्र सायीच्या दुधाचा आणि तुपाचा हिशेब आधी मांडावा.