दोन त्रिकोणांचा माणूस



हल्ली शाळांतून मुलांना वारली चित्रे काढावयास शिकवितात, ही आनंदाची गोष्ट आहे. एक वर्तुळ म्हणजे डोके, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, आणि काड्यांसारखे हातपाय. सहा वर्षांच्या मुलालाही हा माणूस जमतो. परंतु हा माणूस कोण, याची ओळख मात्र सहसा कोणी करून देत नाही. कामगार चळवळीत माझी उमर गेली. तेव्हा ती ओळख आज आपणांस करून द्यावी, असे मी योजिले आहे.

डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील वारल्यांच्या घरांत हे चित्र मुळात लग्नासाठी निघे. शेणामातीने सारवलेल्या भिंतीला गेरू लावावयाचा, तांदूळ वाटून पाण्यात कालवावयाचे, आणि बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की कुंचला तयार. चौक काढण्याचे हे काम सवाशिणींचे. चौकात पालघट देवी. भोवती झाडे, जनावरे आणि कामात गढलेली माणसे. धवलेरी गाणी म्हणे आणि लग्न लागे.

आता या भिंतीची दुसरी बाजू पाहा. ज्या लग्नासाठी हा चौक निघे, त्याच लग्नासाठी वारल्याला सावकाराकडून कर्ज काढावे लागे. ते फेडण्यासाठी नवरा त्या सावकाराचा 'लग्नगडी' होई, आणि त्याची बायकोही त्याच्याबरोबर राबे. हिशेब सावकाराच्या वहीत. तो वारल्याला वाचता येत नसे. कित्येकांचा जन्म त्यातच सरे. चौकातील नवरानवरी देवीसमोर उभी राहत, ती पुढे सावकाराच्या खळ्यावर उभी राहण्यासाठीच, असे म्हटले तर ते खोटे होणार नाही.

ही वेठ मोडली ती १९४५ साली. किसान सभेच्या झेंड्याखाली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी वारल्यांना संघटित केले. वेठ करावयाची नाही, लग्नगडी राहावयाचे नाही, असा निर्धार झाला. पुढे गवतकापणीचा संप झाला; पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरी, ही त्यातली मागणी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले. जेठ्या गांगड हा त्यांतला एक. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल, त्यांनी ते अवश्य वाचावे.

चित्र कागदावर आले ते त्यानंतर पंचवीसएक वर्षांनी. १९७० नंतरच्या काळात चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांत गेले. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरचे हे विश्व कागदावर उतरवून देशोदेशी नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

मग मुलांना शिकवावे कसे? माझी सूचना साधी आहे. वरचा त्रिकोण सरळ ठेवला की माणूस उभा राहतो. तोच पुढे कलंडला की माणूस वाकतो. वाकला की विचारावे, "हा कशासाठी वाकला?" मूल सांगेल, भात लावण्यासाठी, गवत कापण्यासाठी. मग पुढचा प्रश्न, "त्याला मजुरी किती मिळाली?" त्यानंतर तारप्याभोवती फेर धरलेली माणसे काढावयास सांगावे. प्रत्येकाचा हात शेजाऱ्याला धरून आहे, हे मुलाच्या आपोआप ध्यानी येईल.

एवढे झाले म्हणजे चित्रकलेचा तास वाया गेला असे कोणी म्हणू नये. ज्यांची रेघ आपण मुलांच्या हाती देतो, त्यांच्या घामाचा आणि लढ्याचा पत्ताही त्यांना दिला पाहिजे. वारल्यांचे ते देणे आपल्यावर आहे.