बाहेरची वाट नसलेलं पाणी

काळ सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा. आज ज्याला आपण बुलढाणा जिल्हा म्हणतो, तिथल्या काळ्या बेसाल्टच्या पठारावर तुम्ही उभे आहात. आकाश फाडत एक उल्का येते, डोळे दिपतात आणि पायाखालची जमीन हादरते. धुरळा खाली बसायला बराच वेळ जातो. मग समोर दिसतं ते जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. काठावर दगडाचे थर पार उलटे होऊन पडलेत. लोणारचा जन्म झालाय.

आता ११ हजार वर्षांपूर्वीच्या काळात या. हिमयुग सरलंय, मोसमी पाऊस दमदार झालाय. कड्यांमधून झरे फुटलेत, उतारावरून लोंढे तळाकडे धावताहेत. पाणी बाहेर कुठून जातं ते शोधत विवराला एक फेरी मारा. एकही ओढा सापडणार नाही. इथलं पाणी वाफ होऊनच वर जातं. बेसाल्ट झिजून आलेले क्षार मात्र खालीच राहतात. मंद आचेवर रस्सा आटत जावा, तसं हे सरोवर वर्षानुवर्षं आटत, खारावत राहतं.

पुढचा मुक्काम ४,६०० वर्षांपूर्वीचा. पावसाने पाठ फिरवलीय, तीही शतकानुशतकं. काठ आत सरकलाय. पाण्यात बोटं बुडवून चोळून पाहा, साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागतील. खालचा गाळ मुठीत घ्या. त्यात टोकदार कण टोचतात. ते गेलुसाइटचे स्फटिक आहेत. पाणी फार आटून खारट झालं की ते तयार होतात. पुढे शास्त्रज्ञ सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर गाळ काढतील, तेव्हा याच स्फटिकांवरून त्यांना हा दीर्घ दुष्काळ ओळखता येईल. दुसरा मोठा कोरडा काळ साधारण २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ उभं राहिलं ते याच काळात.

जून २०२०. काठावर या आणि पाहा, सगळं सरोवर गुलाबी झालंय. पाणी खाली गेलंय, क्षार वाढलेत आणि खारटपणातच फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांनी आपला रंग पाण्याला दिलाय. बाटलीत थोडं पाणी भरून स्थिर ठेवा. जीव तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नेमकं हेच दिसून आलं. पाऊस पडला, पाणी वाढलं आणि रंगही ओसरला.

त्याच वर्षी लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. आता आजच्या काठावर उभे राहा आणि ही सगळी उलथापालथ एकत्र पाहा. सरोवर पूर्वीही बदलत होतं, पण तो बदल पाऊस, झरे आणि ऊन यांच्या मेळातून होत होता. आता त्या मेळात माणसाचा हात शिरलाय. भोवतालच्या बोअरवेलनी भूजल उपसलं तर झरे आटतील. गावचं सांडपाणी आत आलं तर त्याला बाहेर जायला वाटच नाही. आणि गोडं पाणी प्रमाणाबाहेर वाढलं तर खारटपणावर जगणारी इथली जीवसृष्टीच नाहीशी होईल. म्हणून लोणार जपायचं तर केवळ काठाचं सुशोभीकरण पुरणार नाही. आत किती पाणी येतं, कुठून येतं आणि सोबत काय आणतं, याचा हिशेब दरवर्षी ठेवावा लागेल. तो हिशेब ठेवणं ही आपली जबाबदारी आहे.