पालथ्या व्यायामाची कुळकथा

मणका दबून कंबर धरलेल्या माणसाला शेजारीपाजारी सांगतात, उताणे झोपा आणि गुडघे पोटाशी घ्या. या सल्ल्याचे मूळ अमेरिकेतल्या डॅलसमध्ये आहे. तिथले अस्थितज्ज्ञ पॉल विल्यम्स यांनी 1937 साली पुढे वाकण्याचे व्यायाम मांडले. साध्या कंबरदुखीत अनेकांना त्यांनी आराम पडला आणि कंबरेचा व्यायाम म्हणजे हाच, असे रूढ झाले.

मोडलेल्या मणक्याच्या व्यायामाचे कूळ मात्र वेगळे. व्हिएन्नात 1925 साली अपघात रुग्णालय उभे करणारे लोरेन्झ ब्योलर रुग्णाची पाठ मागे कमानीसारखी ताणून प्लास्टर घालत आणि प्लास्टरसकट त्याला उठवून व्यायामाला लावत. त्यामागचे कारण शरीररचनेत आहे. मणका बहुधा पुढच्या बाजूने पिचतो, पाचरीसारखा होतो. पुढे वाकले की भार नेमका त्या पिचलेल्या कडेवर येतो, मागे ताणले की तिथला भार कमी होतो.

ठिसूळ हाडांच्या बाबतीत याचा पडताळा 1984 साली मिळाला. मेयो क्लिनिकच्या मेहरशीद सिनाकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने पाळी गेलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या 59 स्त्रियांचा मागोवा घेतला. पाठ मागे ताणणाऱ्यांपैकी 16 टक्के जणींचे मणके पुन्हा पिचले, पुढे वाकणाऱ्यांपैकी 89 टक्के जणींचे. व्यायामच न करणाऱ्यांत हे प्रमाण 67 टक्के होते. चुकीचा व्यायाम स्वस्थ बसण्यापेक्षाही महाग पडला! गट लहान होते, पुढे वाकणाऱ्या अवघ्या नऊ जणी; तरीही या विषयातला इतका मोलाचा अभ्यास दुसरा नाही, असे मला वाटते.

सिनाकींनी पुढे दुसऱ्या 50 स्त्रियांपैकी काहींना पालथे झोपवून, पाठीवर वजनाची पिशवी बांधून छाती उचलायला लावली. दिवसातून दहा वेळा, आठवड्यातून पाच दिवस, दोन वर्षे. व्यायाम थांबून आठ वर्षे झाल्यावर पाहिले, तर व्यायाम न केलेल्या गटात मणके पिचण्याचे प्रमाण 2.7 पट होते.

पाठीवरचे वजन घरच्या घरी कोणी करून पाहू नये. मणका सांधला आहे, स्थिर आहे, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, पोटाखाली उशी घेऊन सुरुवात करावी. आणि घरात कोणाचा मणका ठिसूळपणाने दबला असेल, तर पश्चिमोत्तानासन आणि वाकून फरशी पुसणे आजच बंद करायला लावा.