हमामखाना, मोती तलाव आणि दोन बादल्या पाणी

गेल्या डिसेंबरात एका लग्नासाठी भोपाळला गेलो होतो. जालन्यातही त्या दिवसांत गारठा असतो, पण भोपाळला तलावावरून येणारा वारा स्वेटरच्या आत शिरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी विचारलं, "मास्टरसाहब, हम्माम देखा है कभी?"

पाहिला होता. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आहे आणि शाळेची सहल घेऊन मी तिथे अनेकदा गेलोय. पण तो शेकडो वर्षांपूर्वी विझलेला. पेटलेला हमाम मी पाहिला नव्हता.

जुन्या भोपाळातला हम्माम-ए-कदीमी अठराव्या शतकापासूनचा आहे आणि फक्त थंडीच्या दिवसांत सुरू असतो. बाहेरच्या खोलीत कपडे उतरवले, लुंगी गुंडाळली आणि आत गेलो. आतला अंधार डोळ्यांना सरावेपर्यंत पायांना फरशी कळली. दगड गरम होता. शेकोटीसमोर बसल्यावर एकच बाजू शेकते. इथे ऊब खालून वर चढत होती. दहा मिनिटांत घाम फुटला. मग एका वयस्क कारागिराने मालिश केली, खरखरीत हातमोज्याने अंग घासलं आणि शेवटी तांब्या-तांब्याने गरम पाणी ओतलं.

मी जालन्याचा माणूस. तांबे मोजल्याशिवाय राहवलं नाही. सगळं मिळून दोन बादल्यांच्या वर पाणी लागलं नसेल.

हमाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऐषाराम येतो. मराठीत तर 'हमामखान्यात सगळेच नागडे' एवढ्यापुरताच हा शब्द उरला आहे. बाकी तो साबणाच्या वडीवर गेला. मूळ अरबी शब्द 'हम्माम'. त्याचा धातू उष्णतेचा आहे. मराठीने त्यातला एक 'म' गाळला. याचा भाऊ म्हणजे गुसलखाना. मुघल दरबारात खासगी मसलतीच्या दालनालाच गुसलखाना म्हणायची पद्धत पडली होती. १२ मे १६६६ रोजी आग्र्याला शिवाजी महाराज आणि औरंगजेब यांची भेट झाली, ती याच दालनात. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात, "सर, न्हाणीघरात भेट?" मग शब्द कसे घर बदलतात, हे समजावून सांगावं लागतं.

हमामाची रचना समजायला सोपी आहे. फरशीखाली पोकळी ठेवायची, तिथे लाकूड जाळायचं, धूर भिंतींमधून वर काढायचा. पाण्याचं भांडं त्याच जाळावर. खोल्या ओळीने थंड, कोमट आणि गरम, म्हणजे शरीराला एकदम झटका बसत नाही. तापलेल्या फरशीची ही युक्ती रोमन लोकांकडे होती. अरब, तुर्क आणि इराण्यांनी ती आपलीशी केली. बाबराला हिंदुस्थानातली उष्णता, गरम वारा आणि धूळ या तिन्हींचा त्रास झाला. तिन्हींवर एकच उपाय म्हणून त्याने आग्र्याच्या बागेत हमाम बांधला, असं तो स्वतःच लिहून गेला आहे.

म्हणजे वाफेची आंघोळ बाहेरून आली म्हणायची का? मलाही तसंच वाटत होतं. पण भोपाळला गेलेला माणूस सांची पाहिल्याशिवाय परत येत नाही. तिथल्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. भोगवर्धन म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं भोकरदन. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावचे लोक त्या स्तूपासाठी दान देत होते. ते ज्या भिक्षूंना मानत, त्यांच्या विनयपिटकात 'जंताघर' नावाची वास्तू आहे. जंताघर म्हणजे अग्नी पेटवून घाम काढण्याची खोली. भिक्षू आजारी पडू लागले तेव्हा वैद्य जीवकाने त्यांना चालण्याची जागा आणि जंताघर हवं, असं सुचवलं आणि बुद्धांनी परवानगी दिली. धूर जायला वाट ठेवा, चेहरा भाजू नये म्हणून त्याला माती लावा, असे बारकावेही तिथे आहेत.

बौद्ध धर्माबरोबर स्नानाची ही शिकवण चीनमार्गे जपानला पोहोचली. तिथल्या जुन्या मंदिरांत न्हाणीघरं असत आणि गोरगरिबांनाही तिथे आंघोळ मिळे. आठव्या शतकातली सम्राज्ञी कोम्यो हिची आख्यायिका जपानी लोक अजून सांगतात. तिने हजार लोकांना स्वतःच्या हाताने आंघोळ घालायचं व्रत घेतलं. शेवटचा आला तो कुष्ठरोगी. तिने त्यालाही घातली आणि तो बुद्धरूपात प्रकट झाला. नारा शहरातल्या होक्केजी मठात तिच्या नावाने ओळखलं जाणारं वाफेचं न्हाणीघर, नंतरच्या काळात पुन्हा बांधलेलं, आजही आहे.

आंघोळ आपल्यासाठी दाराआडची गोष्ट आहे. या लोकांनी ती सार्वजनिक केली, कारण प्रत्येकाच्या घरी पाणी आणि सरपण नव्हतं. एकच जाळ, एकच तापलेली खोली आणि माणसं शंभर.

आता जालन्याकडे येतो. अकबराच्या काळात अबुल फजल काही दिवस इथे राहिला होता. इथला एक सुभेदार जमशेद खान याने काळी मशीद बांधली, सराई बांधली आणि गावाच्या पश्चिमेला मोती तलाव केला. पण मला त्याचं मोठं काम वाटतं ते जमिनीखालचं. त्या तलावातून गावातल्या हौदांपर्यंत त्याने नळ टाकले. मशीद, सराई आणि पाणी ही एकच योजना होती. दिवसभर धूळ खात आलेला वाटसरू सराईत उतरणार, तर त्याला हातपाय धुवायला पाणी आधी हवं. खडकीत मलिक अंबरने नहर आणली, बुऱ्हाणपुरात खानखानाने भूमिगत पाणी गावात खेळवलं. दख्खनच्या कोरड्या मुलखात ज्याला गाव वसवायचं होतं, तो आधी पाण्याचा विचार करत होता.

मोती तलाव अजून आहे. निजामकाळातला घाणेवाडीचा तलावही आहे. तरी जालन्याचं पाणी आज जायकवाडीहून येतं आणि आमच्या गल्लीतला दिवस नळ कधी येणार याच्या अंदाजावर चालतो. उन्हाळ्यात टँकरच्या हॉर्नवर अख्खी गल्ली जागी होते. वाहत्या नदीकाठी वुजू करत असलात तरी पाणी वाया घालवू नका, ही शिकवण आम्ही लहानपणी ऐकली. आम्हाला नदीच दिसत नाही, त्यामुळे शिकवण पाळणं सोपं झालं आहे.

दौलताबादच्या हमामात एकदा सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, इथे पाणी कोण आणून द्यायचं?" तिच्या घरी पाणी भरायचं काम तिचंच होतं. मी तिला खापरी नळ दाखवले. ती बराच वेळ खाली वाकून ते पाहत राहिली. राजाच्या आंघोळीचं तिला काही वाटलं नाही. पाणी आपणहून चालत येतं, याचं वाटलं.

भोपाळहून परतल्यावर नववीच्या उर्दूच्या तासाला मी फळ्यावर 'हमीम' हा शब्द लिहिला. तोही हम्मामच्याच घरातला. त्याचे अर्थ दोन: अतिशय गरम पाणी आणि जिवलग मित्र. दोन्ही अर्थ एका शब्दात कसे आले असतील, असं मुलांना विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, थंडीत जो गरम पाणी देतो तोच मित्र!"

व्युत्पत्ती म्हणून हे चुकीचं असेल. मी मात्र त्याला पूर्ण गुण दिले.