नौदलीय अणुभट्टी केंद्र, आयडाहो

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आयडाहो राज्यात, स्नेक नदीच्या निर्जन लाव्हामय मैदानात वसलेले, जहाजांच्या अणुभट्ट्यांची आद्यरूपे जेथे प्रथम सिद्ध झाली ते केंद्र. अणुऊर्जा आयोगाने १९४९ मध्ये या प्रदेशात आपले परीक्षणक्षेत्र स्थापिल्यानंतर, हवेवाचून चालणारे इंजिन पाणबुडीस मिळावे यासाठी झटणारे कॅप्टन (पुढे ॲडमिरल) हायमन रिकोव्हर यांच्या देखरेखीखाली, वेस्टिंगहाउस कंपनीने येथे ‘एस-१-डब्ल्यू’ ही भट्टी उभारली. पाणबुडीच्या प्रत्यक्ष आकाराच्या सांगाड्यात ती बसविली होती आणि तिच्याभोवतालचा भाग पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवून, सागरजलात प्रारणांचे वर्तन कसे असेल याची परीक्षा घेण्यात येई. समृद्ध युरेनियमच्या विखंडनातून निर्माण होणारी उष्णता उच्च दाबाखालील पाणी वाहून नेई व तिच्यापासून दुसऱ्या मंडलात तयार झालेल्या वाफेवर टर्बाइन फिरे.

३० मार्च १९५३ रोजी भट्टीत स्वयंपोषित शृंखला-प्रक्रिया सुरू झाली. जूनमध्ये ती सलग सुमारे चार दिवस चालवून अटलांटिक महासागर ओलांडण्याइतकी कल्पित सफर पुरी करण्यात आली. तिच्याच धर्तीवर बनलेली भट्टी घेऊन ‘नॉटिलस’ ही पहिली आण्विक पाणबुडी १७ जानेवारी १९५५ रोजी अणुशक्तीवर मार्गस्थ झाली. पुढे विमानवाहू ‘एंटरप्राइझ’ जहाजासाठी ‘ए-१-डब्ल्यू’ (१९५८) आणि पाणबुड्यांसाठी ‘एस-५-जी’ (१९६५) ही आद्यरूपे येथे कार्यान्वित झाली. नौदलाच्या हजारो अधिकाऱ्यांना व खलाशांना या भट्ट्यांवरच तालीम मिळाली. त्या अनुक्रमे १९८९, १९९४ व १९९५ मध्ये कायमच्या बंद झाल्या. जहाजांतील वापरलेल्या इंधनाची तपासणी मात्र या केंद्रात होते.