सुकाणू भाडेकरूच्या हाती

आपल्यापैकी बरेच जण एल.टी.सी. घेऊन अलेप्पीला जाऊन आले असतील. तिथल्या हाउसबोटीबरोबर नावाडी आणि स्वयंपाकी दोघेही येतात. आपण गरम मासळीवर ताव मारायचा आणि नारळाची झाडे बघत बसायचे. पण नुसती शिडाची बोट भाड्याने घ्यायची आणि शीड उभारण्यापासून नांगर टाकण्यापर्यंत आठवडाभर तांडेलपण स्वतःच करायचे, अशीही एक सुट्टी असते. कोकणातल्या एखाद्या तांडेलाला ‘तुझी होडी आठ दिवस अनोळखी माणसाला देशील का?’ असे विचारले तर तो काय म्हणेल, हे सांगायला नको! मग ही पद्धत रुजली कशी?

तिचे एक मूळ इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यात सापडते. संथ नद्या आणि त्यांना जोडलेली उथळ तळी, असा हा ‘ब्रॉड्स’ नावाचा मुलूख. ही तळी निसर्गाची देणगी आहेत असेच सगळे धरून चालले होते. १९५० च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळाशी गिरमिटे घालून पाहिले, तेव्हा काठ उभे, कापल्यासारखे निघाले. मध्ययुगात जळणासाठी पीट खणून काढले, पुढे त्या खड्ड्यांत पाणी भरले आणि तळी झाली! माणसाने केलेले खड्डे माणसाच्याच सुट्टीच्या कामी आले.

१८७४ साली नॉरिचहून व्रॉक्सहॅमपर्यंत रेल्वे पोचली. तोवर क्रीडानौका म्हणजे जमीनदार-सरदारांचा षौक. आता शहरातला डॉक्टर, वकील, शिक्षक गाडीत बसून थेट पाण्याकाठी येऊ लागला. १८८२ साली जी. क्रिस्टोफर डेव्हिस यांचे या नद्यांवरचे मार्गदर्शक पुस्तक निघाले आणि गर्दी वाढली. जॉन लॉइन्स नावाच्या सुताराने हे बरोबर हेरले. नॉरिचमध्ये तो लहान होड्या भाड्याने देई. पुढे व्रॉक्सहॅमला जाऊन झोपण्याची सोय असलेल्या शिडाच्या नौका तो देऊ लागला. मालवाहू ‘व्हेरी’ नौकाही उन्हाळ्यात साफसूफ करून पाहुण्यांना मिळत, पण त्यांच्यावर नावाडी असायचाच. लॉइन्सच्या धंद्यातले नवे ते हे, की सुकाणू गिऱ्हाइकाच्या हाती गेले. १९०८ साली ब्लेक्स ही एजन्सी निघाली. अनेक मालकांच्या नौका एकाच ठिकाणी नोंदवता येऊ लागल्या.

पॉटर हायमच्या जुन्या दगडी पुलाखालून जाताना डोलकाठी आडवी करावी लागते. वारा पडला तर लांब वासा तळाशी रोवून नौका ढकलावी लागते. हे सगळे हौशी माणसाने करायचे! स्थानिकांना या पाहुण्यांचा त्रासही झाला. आर्थर रॅन्सम यांच्या १९३४ च्या ‘कूट क्लब’ या मुलांच्या कादंबरीत भाड्याची मोटरबोट घेऊन आलेली गोंगाटी मंडळी एका पाणपक्ष्याचे घरटे अडवून बसतात आणि गावातला मुलगा त्यांची दोरीच सोडून देतो. माझी सहानुभूती त्या मुलाकडे आहे.

कारण पुढे इंजिनानेच शिडाला मागे सारले. लडहॅमच्या हंटर घराण्याने १९३२ पासून बांधलेल्या लाकडी, बिनइंजिनाच्या नौका मात्र टिकल्या. १९६८ साली परगणा परिषदेने त्या घेतल्या आणि शाळकरी मुलांना त्यांवर शीड शिकवले. १९९० च्या दशकात परिषदेने त्या विकायला काढल्या, तेव्हा चाहत्यांनी पैसा उभा करून १९९६ साली न्यास स्थापला. वर्गणी मागत दारोदार फिरणे म्हणजे काय, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

समुद्रावर हा प्रकार वाढला तो कॅरिबियनमध्ये. चार्ली आणि जिनी केरी या अमेरिकन दांपत्याने १९६९ साली ब्रिटिश व्हर्जिन बेटांतल्या टॉर्टोला येथे अवघ्या ६ नौकांवर ‘द मूरिंग्ज’ सुरू केली. जागा अचूक निवडली होती. व्यापारी वारे जवळजवळ बारमाही, भरती-ओहोटी नाममात्र आणि एका बेटावरून पुढचे बेट डोळ्यांना दिसते. इथे परवान्याऐवजी आजवर कुठे, किती मोठी नौका हाकली ते लिहून द्यायचे. शंका आली तर कंपनी एक-दोन दिवस आपला माणूस बरोबर पाठवते. ग्रीस, क्रोएशियात मात्र प्रमाणपत्रच लागते.

यातली बरीचशी नौका कंपनीच्या मालकीचीही नसते. दूरच्या शहरातला कुणी ती विकत घेऊन कंपनीकडे ठेवतो. त्याला ठरलेले उत्पन्न आणि वर्षातले काही आठवडे मिळतात, आणि पाचेक वर्षांनी नौका परत. म्हणजे ज्याने तुम्हाला कधी पाहिले नाही, अशा माणसाची ठेव तुम्ही वाऱ्यावर हाकत असता.

६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा चक्रीवादळ या बेटांवरून गेले. आसऱ्यासाठी पॅराक्विटा खाडीत शेजारी शेजारी बांधून ठेवलेल्या भाड्याच्या नौका एकमेकींवर आदळून ढिगाने पडल्या. त्यांतल्या कित्येक दुरुस्तीपलीकडे गेल्या. तरी काही महिन्यांतच पहिले भाडेकरू नकाशा घेऊन धक्क्यावर हजर झाले.