‘ॲडल्ट क्लब’ काढायचा तर कायदा काय सांगतो? डान्सबारच्या लढाईतून समजून घ्या

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबमध्ये कुणाला फक्त प्रौढांसाठीचा क्लब काढायचाय. परवाना कुठला घ्यायचा? तर ‘ॲडल्ट क्लब’ नावाचा वेगळा परवाना आपल्याकडे नाहीच. कायदा पाटीवरचं नाव बघत नाही, आत काय चालतं ते बघतो. दारू, नाच आणि पैसे घेऊन शरीरसंबंध, या तिन्हींचे कायदे वेगळे आहेत.

नाच असेल तर?

२००५ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना राज्यात डान्सबारबंदी आली. तारांकित हॉटेलांना मात्र सूट होती. हा भेदभाव आणि बारबालांच्या रोजगाराचा हक्क, या मुद्द्यांवर हायकोर्टाने २००६ मध्ये बंदी रद्द केली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं.

सरकारने २०१४ मध्ये पुन्हा बंदी आणली आणि २०१६ मध्ये कडक अटींचा नवा कायदा केला. १७ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने त्यातल्या काही अटी उडवल्या. शाळा आणि धार्मिक स्थळांपासून १ किलोमीटरचं अंतर, सीसीटीव्हीची सक्ती आणि नाचाच्या ठिकाणी दारूबंदी या अटी गेल्या. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ आणि नोटा उधळण्यावरची बंदी कायम राहिली. टीप हातात देता येते. थोडक्यात, सरकारला नियम करता येतात, पण नियमांच्या आडून बंदी घालता येत नाही.

अश्लील म्हणजे काय?

सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील वर्तन भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली गुन्हा आहे. पण २०२३ मध्ये उमरेड परिसरातल्या एका रिसॉर्टवरच्या छाप्याच्या प्रकरणात नागपूर खंडपीठाने एफआयआर रद्द केला. तोकडे कपडे घालून नाचणं एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, असं कोर्टाने म्हटलं.

सगळे राजीखुशीने आले असतील तर?

२०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं. प्रौढांचे खासगीतले, संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण मात्र आजही ठरतं.

खरी जोखीम चालकाची असते. जागेत वेश्याव्यवसाय चालला आणि त्यातून दुसऱ्याने कमाई केली, तर १९५६ च्या ‘पीटा’ कायद्याने ते कुंटणखाना ठरू शकतं. पहिल्यांदा दोषी ठरल्यास १ ते ३ वर्षं सक्तमजुरी होते. अशा वेळी ‘सगळ्यांची संमती होती’ हे सांगून चालक सुटत नाही. १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा लैंगिक कृत्याशी संबंध आला तर थेट पॉक्सो लागतो, तिथे संमतीला अर्थच नाही. परवानगीशिवाय कुणाचे खासगी अवयव चित्रित केले तर आयटी कायद्याच्या कलम ६६-ई खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दारू आणि गाव

दारूसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे. शिवाय गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिलं, तर दारूचं दुकान बंद होऊ शकतं. म्हणून जागेचं भाडं भरण्याआधी वकिलाला गाठलेलं बरं.